चौगुले सरांचा मे महिना

सई, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, उन्हाळ्याची सुट्टी कुणी सुरू केली?" ह्यूस्टनच्या तुमच्या शाळेत बाईंनी सांगितलं आहे, की पूर्वी मुलांना शेतात राबावं लागे म्हणून ही लांब सुट्टी आली, आणि त्यावर तुला दोन पानं लिहून न्यायची आहेत. मागून नील ओरडला, "आता कोण जातं शेतात? मग बंद करा ना!" त्याला सुट्टीत कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "पुस्तकात बघून सांगते." पण फोन ठेवल्यावर कपाटाकडे गेलेच नाही. या एका प्रश्नावर चौगुले सर नावाचा माणूस मी एकोणीस वर्षं ऐकला. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची होती. गेल्या पावसाळ्यात ते गेले, नाहीतर तुला त्यांचाच नंबर दिला असता. त्यांचं बोलणं राधानगरीकडचं, सगळं ठणठणीत आवाजात. तुमच्या आईला ती नक्कल छान जमते. तेवढा भाग तिच्याकडून वाचून घ्या.

गणपत चौगुले कसबा बावड्यातल्या आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे आणि मी इंग्रजी. उंच, हडकुळे, उन्हानं रापलेले. वर्गात शिरले की आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायचे आणि तिच्याखाली एक आकडा. जूनमध्ये तो आकडा तीनशेच्या वर असे आणि रोज एकानं उतरत जाई. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा कसला आकडा?" सर तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सुट्टीला उरल्यालं दिवस!" साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सर शांतपणे म्हणाले, "वजाबाकीचा सराव हाय, साहेब. रोज एक गणित." साहेबांनी शेरा लिहिला, 'भूगोलाची गणिताशी घातलेली सांगड स्तुत्य.' तो शेरा सरांनी चौकटीत घालून घरी लावला होता. मी स्वतः पाहिला आहे.

बाकीच्या महिन्यांत सर चोख शिक्षक होते, हेही सांगायला हवं. नकाशा न बघता ते फळ्यावर भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी काढत आणि एकेकीला हाताला धरून आणल्यासारखी पंचगंगेत आणून सोडत. मुलं नद्या विसरत नसत. पण एवढं करूनही शाळेत जे होतं त्याला ते शिक्षण मानायला तयार नसत. "बाई, आपण धा म्हैनं पोरांच्या डोक्यात भरतोय. मुरायला येळ नको? लोणचं घातल्या घातल्या कोण खातंय?"

सुट्टी कुठून आली, याचं उत्तर ते समोरचा माणूस बघून द्यायचे. मुलांना सांगत, आंब्यामुळे. आंबा फेब्रुवारीत पिकत असता तर सुट्टीही फेब्रुवारीत पडली असती. पालकांना सांगत, आम्हाला पेपर तपासायला वेळ लागतो म्हणून. पालकांना ते लगेच पटे, कारण मास्तर लोक आळशी असतात हे त्यांना आधीच माहीत होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्यासाठी सरांनी वेगळंच उत्तर राखून ठेवलं होतं.

"तात्यासाहेब, साखर कारखान्याचं गाळप संपल्यावर काय करत्यात?"

"काय करत्यात म्हंजे? मशिनरी खोलायची, साफ करायची, तेलपाणी. ओव्हरहॉलिंग नको?"

"लोखंडाला लागतंय. मग पोरास्नी नको?"

तात्यासाहेबांना हे इतकं आवडलं की पुढच्या तीन भाषणांत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

शेतीचं कारण मात्र सरांना अजिबात खपत नसे. एकदा एका नव्या शिक्षिकेनं तुझ्या बाईंसारखंच सांगितलं, तर सर डबा बाजूला ठेवून उभे राहिले. "कुठल्या शेतीसाठी? आमच्या गावात भाताची रोपं लावत्यात जुलैत. तवा गावात माणूस औषधाला मिळत न्हाई. आणि नेमकी तवाच पोरं शाळंत बसून 'पाऊस कसा पडतो' पाठ करत्यात! शेतकऱ्यानं सुट्टी काढली असती तर जुलैत काढली असती की." सई, हे तुझ्या दोन पानांत जरूर लिही. तुमच्याकडेही पेरणीची घाई वसंतात आणि कापणीची शरदात. मधल्या उन्हाळ्यात शेतकरी पोरांची वाट बघत बसला असेल, असं वाटत नाही. बाईंना हे नम्रपणे सांग. बाईंना दुरुस्त केलेलं आवडत नाही. मी स्वतः बाई होते.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे पुराव्याशिवाय मला चैन पडत नाही. मी ग्रंथालयातून दोन जाड पुस्तकं आणली, टिपणं काढली आणि मधल्या सुट्टीत सरांना क्रमानं सांगितलं: इंग्रज साहेबाला इथला उन्हाळा सोसत नसे. तो बायकामुलांसकट डोंगरावर जाई. मागं कोर्टं बंद, कचेऱ्या अर्ध्या बंद, आणि त्यांच्या बरोबरीनं शाळाही बंद. परदेशातल्या मोठ्या शहरांतही तेच. ऐपतीची माणसं गरमीत शहर सोडून जात आणि वर्ग ओस पडत.

सर तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायले. "म्हंजे साहेब महाबळेश्वरला पळाला, आणि पळताना आमच्या पोरांचं दार लावायचं इसरला."

"साधारण तसंच," मी म्हटलं.

"त्याच्या हातनं झाल्याली एवढी एकच चूक मला मान्य हाय."

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी सर हजेरीच्या आधी गुडघे तपासायचे. मुलगे रांगेत उभे. गुडघ्यावर खपली दिसली की पास. मुलींचे हात बघत. काजूच्या चिकानं उठलेला डाग, विहिरीच्या दोराचा घट्टा, काहीही चाले. एका वर्षी एक मुलगा लोण्यासारखे गुडघे घेऊन आला.

"का रे, मे म्हैन्यात आजारी हुतास?"

"न्हाई सर. क्लास हुता."

"म्हंजे आजारीच."

त्याच्या मागच्याला विचारलं, "तू काय केलंस?"

"काय न्हाई, सर."

"काय न्हाई म्हंजे?"

"झाडाखाली पडून हुतो."

"किती दिवस?"

"लई."

"शाब्बास! काय न करता ऱ्हायला ऋषींना बारा वर्षं लागत हुती. तुझं म्हैन्यात झालं." आणि खरोखर त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच दिवशी एका मुलीनं सांगितलं, की मामाच्या म्हशीचं रेडकू तिच्या डोळ्यांदेखत जन्मलं. सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. तास तिनं घेतला. मी शेजारच्या वर्गात गायीवर दहा ओळी शिकवत होते आणि माझा वर्ग भिंतीला कान लावून बसला होता.

माझ्या पद्धती वेगळ्या होत्या. मी सुट्टीत चाळीस पानं शुद्धलेखन आणि 'माझी आई' हा इंग्रजी निबंध देत असे. एका जूनमध्ये वह्या तपासल्या, तर चौतीस मुलांच्या आया सरकारी दवाखान्यात परिचारिका निघाल्या. त्यातली एकच खरी होती. बाकीच्यांनी तिच्या मुलीची वही शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पारावर बसून उतरवली होती. मी वह्यांचा गठ्ठा सरांपुढे आदळला. त्यांनी एकेक उघडून बघितली. "बाई, रागावू नका. बावड्याच्या आरोग्याची काळजी मिटली."

मग ते वर्ष आलं. शेजारच्या एका शाळेनं रस्त्यावर भला मोठा फलक लावला: 'उन्हाळी गुणवत्ता शिबिर'. तात्यासाहेबांची झोप उडाली. "त्यांची पोरं मे म्हैन्यात फुडं जाणार आणि आपली काय झाडावर बसणार?" ओव्हरहॉलिंगचं भाषण ते विसरले. माझ्या नीटनेटकेपणाची ख्याती होतीच, म्हणून शिबिराचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते पट्टी घेऊन तीन रंगांत आखलं. सात ते आठ गणित, आठ ते नऊ इंग्रजी, पुढे विज्ञान, स्पर्धा परीक्षा. आणि शेवटी साडेदहा ते अकरा, 'मुक्त आनंद (उपस्थिती अनिवार्य)'. त्या कंसाची आज मला लाज वाटते. त्या दिवशी तो मला काटेकोर वाटला होता.

त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनं खुर्ची चौगुले सरांची होती. त्यांना ती हवी होती. हे मी ठासून सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की त्यांना कशाचीच हौस नव्हती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. गावी त्यांची आई ऐंशी पार केलेली. तिनं "माझा गणू हेडमास्तर होणार" म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं. सरांनी हिरव्या शाईचं पेन आणलं होतं. मधल्या सुट्टीत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर ते सही गिरवत बसायचे, 'ग. रा. चौगुले, मुख्याध्यापक', आणि मी बघितलं की कागद उलटा करायचे. मी न बघितल्यासारखं करायचे.

तात्यासाहेबांनी हे बरोबर हेरलं. "शिबिराच्या सूचनेवर नव्या मुख्याध्यापकाची सही पायजे, चौगुले. तुमची सही पडली की खुर्ची तुमची."

"आधी सभा तरी हू द्या," सर म्हणाले.

सभा एप्रिलमधल्या एका दुपारी शाळेच्या कार्यालयात झाली. तात्यासाहेब, समितीवरचे एक डॉक्टर, आणि पालकांच्या वतीनं मुल्लाणी भाभी. त्या घरी शिवणकाम करत आणि त्यांची तिन्ही मुलं आमच्याकडे होती. मी वृत्तांत लिहायला. सर निमंत्रित, म्हणजे बोलता येईल, मत देता येणार नाही.

"बोला चौगुले. तुमचा इरोध काय हाय?"

"इरोध न्हाई, तात्यासाहेब. एक प्रश्न हाय. आठवीत असताना फेब्रुवारीत काय शिकलासा?"

"फेब्रुवारीत?" तात्यासाहेब पंख्याकडे बघू लागले. "कायतरी शिकवलं आसंल की."

"आणि मे म्हैन्यात?"

"मे म्हैन्यात!" तात्यासाहेबांची खुर्ची मागे सरकली. "आवो, जोतिबाला आमच्या आत्तीचं गुलालाचं दुकान हुतं. सुट्टी लागली की मी तिकडं. एकदा पोत्यांच्या थप्पीवर चढून झोपलो, तर थप्पी ढासळली आणि मी गुलालात! आठ दिस गुलाबी हुतो. साबण लावला, राख लावली, रंग हालंना. परत आलो तर आमच्या म्हशी मला बघून बुजल्या. आईनं दारातनं इचारलं, कोण पावणं?"

भाभींनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना राहवेना. "मला विहिरीत पोहायला शिकवलं ते मे महिन्यातच. पाठीला डबा बांधला होता. चुलत भावानं दोर सोडला आणि डबा वर, मी खाली! माणूस श्वास किती वेळ रोखू शकतो, हे पुढं मेडिकलला पुस्तकात वाचलं; पण कळलं ते विहिरीत."

"त्या भावाचं काय झालं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काय व्हायचंय? त्यानंच बाहेर काढलं. आणि दोघांनी मिळून मार खाल्ला."

चहा आला, संपला, पुन्हा आला. भाभी निपाणीला नानीकडे चिंचा फोडत बसायच्या. नानी रोज तीच भुताची गोष्ट सांगायची आणि भूत रोज वेगळ्या झाडावर असायचं. तात्यासाहेबांना आणखी दोन गोष्टी आठवल्या, त्यातल्या एकीत बैल होता. डॉक्टर हसून हसून चष्मा पुसत होते. एवढी रंगलेली सभा त्या कार्यालयानं कधी पाहिली नसेल. चहा तिसऱ्यांदा आला.

मग तात्यासाहेबांनी घड्याळ बघितलं. "चला, मजा आली. इषय क्रमांक चार. शिबिर घ्यायचं, सगळ्यांची संमती हाय न्हवं?"

"आहे, आहे," डॉक्टर म्हणाले.

सर उभे राहिले. "तात्यासाहेब, आत्ता तासभर आपण काय बोलत हुतो?"

"चौगुले, ते दिवस येगळं हुतं. आता स्पर्धा हाय."

"तुमच्या टायमाला न्हवती?"

"हुती की. पण आमाला म्हाईत न्हवती."

सरांनी भाभींकडे बघितलं. भाभी खाली मान घालून म्हणाल्या, "सर, तुमचं पटतंय. पर आता मी आई हाय. मे म्हैना म्हंजे लग्नाचं ब्लाउज. तीन पोरं मशिनीभोवती. कात्री लपवली तर टेप घेऊन पळत्यात. मी त्यास्नी कुठं ठिवू, तुमीच सांगा."

सर हळूच बसले. "भाभी, या खोलीत तुमचं एकटीचं कारण खरं हाय."

वृत्तांतात मी लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.' चर्चा कशाची झाली, हे लिहायची पद्धत नाही.

सूचनेचा कागद तीन दिवस सरांच्या पिशवीत होता. चौथ्या दिवशी त्यांनी तो सहीशिवाय परत आणला आणि सोबत दुसरा एक. ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपद नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं. त्याला नकारपत्र म्हणतात. सुरेख अक्षरात दोन ओळी होत्या. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'मे महिन्यात मी उपलब्ध नसतो.'

मी चिडले. "सर, एक सही करून टाका. एकदा खुर्चीवर बसलात की पुढच्या वर्षी बघता येईल."

"लई प्रयत्न केला, बाई. हात वळत न्हाई. एवढा सराव करून."

"आईंना काय सांगणार?"

"सांगतो, खुर्चीचा पाय मोडलाय." मग त्यांनी खिशातलं हिरवं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "घ्या. शाई भरल्याली हाय."

ज्येष्ठतेत त्यांच्यानंतर मी होते. त्याच दुपारी मी सूचनेवर सही केली.

शिबिर साठ मुलांनी सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात रजेचे अर्ज यायला लागले. सगळ्यांच्या मामांची लग्नं निघाली होती. एका सोमवारी तर एकवीस मामा एकदम बोहल्यावर चढले. मी ते अर्ज तारखेप्रमाणे फाईलला लावले. त्याच आठवड्यात चौगुले सर हातात पिशवी आणि मागे मुल्लाणी भाभींची तिन्ही मुलं घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी बिनपगारी रजा टाकली होती.

"मोठ्या बाई, ही तीन नावं कमी करा. आमच्या गावाकडं मुक्त आनंदाला चाललीत. उपस्थिती अनिवार्य हाय."

मुलं पंधरा दिवस राहिली. भाभींचे ब्लाउज वेळेवर झाले. तिसऱ्या आठवड्यात तात्यासाहेबांची नातवंडंही दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळलं, उकाडा फार म्हणून अख्खं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आहे. जूनमध्ये हे सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "बघा बाई, परत साहेबच पळाला. पर या बारीला दार लावून गेला."

शिबिर बंद पडलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं होत नसतं. शेवटच्या दिवशी उरलेल्या नऊ मुलांचा दाटीवाटीनं फोटो काढला, त्याचा फलक झाला आणि शिबिर दरवर्षीचं झालं. मीच ते चालवलं, आणि नीट चालवलं. सर साधे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात तात्यासाहेब म्हणाले, "आता सरास्नी कायमची सुट्टी." सर उत्तराला उठले आणि म्हणाले, "कधीतरी संपती ती सुट्टी. न संपणारीला रिकामपण म्हणत्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक अशा समारंभात कशालाही वाजवतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिना सरता सरता तुम्ही नऊ दिवसांसाठी आला होतात. त्याचं वेळापत्रक मी तुम्हाला आधीच पाठवलं होतं. पाचव्या दिवशी लिहिलं होतं, 'चौगुले सरांची भेट, दहा ते साडेअकरा, दुपारी संग्रहालय.' आपण राधानगरीच्या रस्त्यानं त्यांच्या गावी पोचलो. पाऊस यायच्या आत कोरड्या मातीत, धूळवाफेवर, भात पेरायची गडबड चालली होती. सर अंगणात खाटेवर बसले होते. थकले होते, पण आवाज तोच. नील, तू दहा मिनिटांतच म्हणालास, "आजी, कंटाळा आला."

सरांनी विचारलं, "किती येळ झाला येऊन?"

"टेन मिनिट्स."

"अजून थोडा येऊ दे. कच्चा हाय."

नंतर तो पिकला असावा, कारण थोड्या वेळानं तुम्ही दोघं शेजारच्या मुलींबरोबर घरामागे उसाच्या पाटावर गेलात. साडेअकरा वाजले. मी दारातून दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मी तिसऱ्यांदा उठले तेव्हा सर म्हणाले, "बसा, बाई."

मी बसले. कोण जाणे का, पण इतक्या वर्षांनी बोलले. "सर, त्या सभेत तुम्ही मला काही विचारलं नाहीत."

"तुमी लिवत हुता. काय सांगितलं असतं?"

मी सांगितलं. माझे वडील वकील. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, म्हणून ते दिवसभर घरी; आणि ते घरी, म्हणून मला सकाळी इंग्रजी व्याकरण, दुपारी भाषांतर. दरवर्षी, मॅट्रिकपर्यंत. साहेबाच्या सुट्टीनं वडील मोकळे झाले आणि मी अडकले. फेब्रुवारी आणि मे यांत मला कधी फरकच कळला नाही. वडिलांनी ते प्रेमानंच केलं. त्या इंग्रजीवरच माझं आयुष्य उभं राहिलं.

सर कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे पोरांचं काय काढून घेतोय, ते तुमाला म्हाईतच न्हवतं की."

मी वेळापत्रकाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ड्रायव्हरला जेवून घ्यायला सांगितलं.

तुम्ही पाच वाजता आलात, कमरेपर्यंत चिखलात. दगडमातीनं तुम्ही पाटाचं पाणी अडवलं होतं आणि आता वरून जादा पाणी जायला सांडवा काढायचं काम अर्धंच राहिलं होतं. सई, तू रडवेली होऊन म्हणालीस, "उद्या परत येऊया?" उद्या जोतिबा आणि पन्हाळा होतं, मी पर्सला हातसुद्धा न लावता "बघू" म्हटलं, आणि आपण काही गेलो नाही. तुमच्या आईला मी आता विचारलं आहे, की येत्या वर्षी तुम्हाला पूर्ण पाच आठवडे माझ्याकडे पाठवशील का. ती म्हणते, रोबोटिक्सचं शिबिर आहे, उपस्थिती लागते. मी दर रविवारी पुन्हा विचारते. वेळापत्रक मी केलेलं नाही.

त्या संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा तुम्ही दोघं मागच्या सीटवर लगेच झोपलात. रस्ता पाटाच्या कडेनंच होता. मी मागे वळून बघितलं. सर अंगणात नव्हते. पँट गुडघ्याच्या वर गुंडाळून ते पाटात उतरले होते आणि वाकून तुमचा सांडवा पुरा करत होते. खालच्या शेतातून कुणीतरी ओरडत आला, "कोण हाय रं त्ये, पाणी अडवतंय? ऊस वाळाय लागला माझा!" सरांनी मान वर करून आजूबाजूला बघितलं, कुणा पोराचं नाव सांगावं तसं. पोरं गाडीत होती. मग ते पुन्हा वाकले आणि पुढचा दगड लावला.